तुम्ही विचारलंत म्हणून : खाडीवर किती वाजता यायचं?

थंडीची चाहूल लागली की मला फोन येऊ लागतात. "ठाणे खाडीवर फ्लेमिंगो बघायला यायचंय, किती वाजता येऊ?" विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं : भल्या पहाटे. रानातल्या पक्ष्यांना ते लागू पडतं. खाडीवर सूर्य कुठे आहे याला फारसा अर्थ नाही, पाणी कुठे आहे याला आहे.

पुण्याचा माझा मावसभाऊ असाच एकदा सहकुटुंब आला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला, थर्मास आणि चकल्यांचा डबा घेऊन. बांधावर उभे राहिलो तर समोर नजर पोचेल तिथवर चिखल आणि त्याच्या पार पलीकडे खडूने ओढल्यासारखी एक गुलाबी रेघ. धाकट्या पुतणीने दुर्बीण डोळ्याला लावली, काढली आणि विचारलं, "काका, ते अजून उठले नाहीत का?" साडेआठपर्यंत चकल्या संपल्या. मंडळी मिसळ खायला ठाण्यात गेली. दहाच्या सुमारास तेच शेकडो पक्षी पाण्याबरोबर सरकत सरकत बांधापासून हाकेच्या अंतरावर आले. मी भरपूर फोटो काढले, भावाला एकही पाठवला नाही. नातं टिकवायचं होतं.

आता हिशेब सांगतो. माझं आजोळ धरमतर खाडीच्या काठचं, खारबंदिस्तीतलं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या जमिनीवरचं. तिथे भरतीची वेळ कुणी छापील तक्त्यात बघत नसे. आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे आणि तिची पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला पुरी. दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढे सहा तासांनी सुकती. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे धरा. फोनवर आता मिनिटामिनिटाची वेळ मिळते, मीही बघतो. पण पुढच्या महिन्यातला कुठला रविवार धरायचा हे ठरवायला पाऊणकीसारखं सोपं काही नाही.

हे गणित मला लहानपणी पाठ होतं आणि तरी पक्षी बघायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी पहाटेच जात होतो, कारण पुस्तकात तसं लिहिलेलं. एकदा आजोळच्याच बांधावरून ओहोटीच्या वेळी, जरा जवळ जाऊ म्हणून, चिखलात उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. कालवं काढून परत निघालेल्या एका मावशींनी हात दिला. चप्पल तिथेच राहिली. "घड्याल काय बगतंस? पानी बग," एवढंच म्हणाल्या.

पाणी चढताना बघणं हीच खरी गंमत आहे, पक्षी नंतर. लाट नसते, आवाजही नसतो. तिवरांच्या पेन्सिलीएवढ्या श्वासमुळांमध्ये कुठेतरी चकाकी दिसते, पुन्हा बघावं तर दोन हात पुढे आलेली. एका हाताची नांगी अंगापेक्षा मोठी असलेले नर खेकडे ती हलवायचं थांबवून बिळात शिरतात. निवट्या, म्हणजे चिखलावरच्या मासोळ्या, कल्ल्यांशेजारच्या परांवर रेटा देत चिखलावरून उड्या मारतात, एखादी मुळावर चढून बसते. आणि पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या पट्टीवर, छोटे टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत धावत असतात. चिमणीएवढा जीव, उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून आलेला.

मग पायांच्या लांबीप्रमाणे एकेकाची पाळी येते. टिलवे आणि चिखले आधी उठतात, त्यानंतर तुतवार. शेकाटे आणि पाणटिवळे पोटाला पाणी लागेपर्यंत दम धरतात. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, सगळ्यात शेवटी. त्यांचे पाय लांब, शिवाय जेवणही पातळच लागतं : मान खाली घालून चोच उलटी धरायची, जिभेने पाणी आत ओढून बाहेर ढकलायचं आणि चोचीतल्या जाळीत अडकेल ते खायचं. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्याची चोच गडद तांबडी. मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी, आणि तो बारीक किडे-कोळंबीही गाळतो. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. कळपात मळकट राखाडी दिसतात ते आजारी नसतात, पिल्लं असतात.

भरती पुरी झाली की चिखल बुडतो आणि खेळ संपतो. बारके पक्षी बांधांवर, मिठागरांत जाऊन एका पायावर डुलक्या काढतात. रोहित नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जातात. म्हणून भरतीच्या वेळी नाही, तिच्या दोन तास आधी या. अष्टमीच्या आसपासचे दिवस मी टाळतो. तेव्हा भांग असते, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते. भांगाचं पाणी अर्ध्यातच थबकतं, मग पक्ष्यांना तुमच्याकडे यायचं कारणच उरत नाही. माझा आवडता दिवस द्वादशी. भरती नऊला, म्हणजे सातला पोचायचं, ऊन चढायच्या आत परत. एकादशीचं पारणं बरेचदा मी खाडीवर वडापावाने केलं आहे.

बाकीचं थोडक्यात. हे 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 पासून ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत. ऐरोलीला वनविभागाचं केंद्र आहे, तिथून होडी सुटते. तिची वेळही पाण्याप्रमाणे रोज बदलते, आधी विचारून जा. नोव्हेंबर ते मे रोहित असतात, पण चिखले-तुतवारांसाठी फेब्रुवारीच्या आत या. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. ड्रोन आणू नका, आणि पक्षी उडताना फोटो छान येतो म्हणून टाळ्या वाजवणारा मेहुणा असेल तर त्यालाही नको.

काल पुन्हा त्याच मावसभावाचा फोन आला. "या रविवारी येतोय. सहाला निघतो, म्हणजे नऊपर्यंत पोचतो." मी कॅलेंडर बघितलं. षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार.

"निवांत घरून जेवून निघा," म्हटलं, "अडीचला बांधावर भेटू. चकल्या चालतील, पण टोप्या विसरू नका."