ब्राउझरमध्ये उघडतं, स्क्रिप्टमध्ये नाही: पीएचपीतून एचटीटीपीएसवरची फाइल आणताना

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचनालयात काउंटरवर जुना विंडोज संगणक आहे. पुस्तकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात, वेब सर्व्हरवर असते. रात्री पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट ती उतरवून घेते आणि संगणकावरच्या डेटाबेसात भरते. सर्व्हर एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, गेला, तेव्हा पत्त्यात एक ‘एस’ वाढवला की झालं, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बरंच काही आडवं आलं.

सुरुवातीलाच ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनने, एचटीटीपीएसचा रॅपर (तसा पत्ता हाताळणारा भाग) सापडत नाही म्हणून सांगितलं. याचा अर्थ एकच: पीएचपीला कूटबद्ध जोडणी करू देणारं ओपनएसएसएल एक्स्टेन्शन बंद आहे. ‘पीएचपी.आयएनआय’ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची ओळ आधीपासून असते, फक्त तिच्यापुढचा अर्धविराम काढायचा. ‘एक्स्टेन्शन_डिर’ची ओळही तपासावी, नाहीतर एक्स्टेन्शनची डीएलएल फाइल कुठे शोधायची ते पीएचपीला कळत नाही. एवढं करूनही फरक पडला नाही तर बहुधा भलतीच आयएनआय फाइल बदललेली असते. अपाचे या वेब सर्व्हरची वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी असू शकते. ‘पीएचपी --आयएनआय’ चालवलं की कोणती वाचली जाते ते दिसतं, आणि ‘स्ट्रीम_गेट_रॅपर्स’च्या यादीत एचटीटीपीएस आलं की हा टप्पा संपला.

वेब पत्त्यावरून फाइल उघडू देणारं ‘अलाउ_यूआरएल_एफओपन’ हे सेटिंग मुळात चालूच असतं, पण शेअर्ड होस्टिंगवर ते पुष्कळदा बंद केलेलं असतं. तिथे कर्ल, म्हणजे फाइली आणण्याचं पीएचपीतलं दुसरं साधन, वापरा. त्याच्या शेजारचं ‘अलाउ_यूआरएल_इन्क्लूड’ मात्र चुकूनही चालू करू नका. त्याने परक्या सर्व्हरवरचा कोड आपल्या यंत्रावर चालू शकतो.

मी पुढचं सगळं कर्लवर नेलं, कारण टाइमआउट आणि डिस्कवर थेट लिहिणं त्यात हाताशी राहतं. तिथे त्रुटी ६० आली: सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, कोणी दिलं ते पडताळता येत नाही. विंडोजवरच्या पीएचपीच्या कर्लला विश्वासू रूट सर्टिफिकेटांची, म्हणजे ओळखपत्रं देणाऱ्या मूळ संस्थांच्या सर्टिफिकेटांची, यादी आपण द्यावी लागते. कर्ल प्रकल्पाच्या साइटवर ‘सीएसर्ट.पीईएम’ मिळते, फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या यादीतूनच ती काढलेली असते. ती एका पक्क्या फोल्डरात ठेवून ‘कर्ल.सीएइन्फो’ आणि ‘ओपनएसएसएल.सीएफाइल’ या दोन्ही ओळींत पूर्ण पथ लिहायचा आणि अपाचे पुन्हा सुरू करायचं. ६०च्या जागी ७७ आली तर पथ चुकलाय किंवा फाइल वाचता येत नाही.

या जागी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ‘व्हेरिफायपीअर’ला फॉल्स द्या, म्हणजे सर्टिफिकेटची पडताळणीच बंद करा. त्रुटी जाते, हे खरं. मजकूर कूटबद्धही राहतो, पण समोर कोण आहे ते कुणीच तपासत नाही. लखोटा सीलबंद करायचा आणि घेणाऱ्याचं तोंडही न बघता हातात द्यायचा, तसं. त्या फाइलमधून डेटाबेस भरणार असाल तर हा मार्ग नकोच. पीएचपी ५.६ पासून, म्हणजे २०१४ पासून, स्ट्रीम्सचीही (‘फाइल_गेट_कंटेंट्स’ ज्यांवर चालतं त्यांची) पडताळणी मुळातच चालू असते, आणि ती योग्यच आहे.

रूटची यादी जागेवर आली तरी ६० जाईना. वाचनालयातला मुलगा म्हणाला, “काका, क्रोममध्ये तर उघडतंय!” आणि खरोखरच उघडत होतं. सर्व्हर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट पाठवत होता, ते आणि रूट यांना जोडणारं मधलं इंटरमीजिएट पाठवतच नव्हता. सर्टिफिकेटातच त्याच्या वरच्या कडीचा पत्ता लिहिलेला असतो, आणि क्रोम ती कडी स्वतः जाऊन आणतं. ओपनएसएसएलवरचं कर्ल असलं काही करत नाही. तपासायला ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’ या कमांडला ‘कनेक्ट’, ‘सर्व्हरनेम’ आणि ‘शोसर्ट्स’ हे पर्याय द्या. साखळीत एकच सर्टिफिकेट दिसलं तर खोट सर्व्हरकडे आहे. सर्टिफिकेटं आपोआप आणणारं सर्टबॉट वापरत असाल तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘सर्ट.पीईएम’ऐवजी ‘फुलचेन.पीईएम’ द्यायची, बस. होस्टिंगवाल्यांना हे पटवायला मात्र त्या कमांडचं आउटपुट जसंच्या तसं पाठवावं लागलं.

उत्तरायणाच्या सुट्टीत मेन स्विच बंद होता. नंतर तीच त्रुटी परत, आणि या वेळी कारण घड्याळ. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती, म्हणजे त्या यंत्राच्या लेखी सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नव्हतं. फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, त्यामुळे तारीख तीन-चार महिन्यांनी चुकली तरी सगळं बिघडायला पुरतं. पडताळणी अचानक बिघडली की आधी कोपऱ्यातली तारीख बघावी.

आता जोडणी होते, पण फाइलमध्ये यादीऐवजी एचटीएमएल निघतं. कर्लच्या दृष्टीने ४०४ चं, म्हणजे ‘सापडलं नाही’चं, पानही यशस्वी उत्तरच असतं. म्हणून ‘इन्फो_एचटीटीपी_कोड’ २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, आहे का ते स्वतः बघायचं. रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा असा सर्व्हरचा निरोप, ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ मुकाट पाळतं, २० पर्यंत. कर्लला ‘फॉलोलोकेशन’ सांगावं लागतं. पीएचपी आपणहून यूजर-एजंट, म्हणजे मागणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, पाठवत नाही, आणि काही सर्व्हर तो नसेल तर सरळ ४०३, म्हणजे मनाई, देतात. एखादं साधं नाव देऊन टाका.

मोठी फाइल स्ट्रिंगमध्ये घेऊ नका, मेमरीची मर्यादा साधारणपणे १२८ एमबी असते. ‘कर्लऑप्ट_फाइल’ने सरळ तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये उतरवा, ती बंद करा आणि सगळं ठीक असेल तरच खऱ्या नावावर आणा. न बंद करता नाव बदलायला गेलात तर जुन्या पीएचपीत विंडोज नकार देतं. कर्लचा एकूण टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. जोडणीला १० सेकंद ठेवा, आणि वेग सलग ३० सेकंद दर सेकंदाला १,००० बाइटच्या खाली राहिला तर सोडून द्या. हे ‘लो_स्पीड’च्या दोन पर्यायांनी होतं. सर्व्हरने सांगितलेल्या लांबीपेक्षा कमी आलं तर कर्ल त्रुटी १८ देतं, तेव्हा जुनी यादीच राहू द्यायची.

रोज रात्री आपोआप चालावी म्हणून स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावताना ‘स्टार्ट इन’ची जागा रिकामी ठेवली तर सापेक्ष (अपुऱ्या) पथाची फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये जायला बघते. स्क्रिप्टमध्ये ‘__डिर__’, म्हणजे स्क्रिप्टच्याच फोल्डरचा पथ, वापरा आणि कमांडमध्ये ‘-सी’ने कोणती आयएनआय वाचायची तेही लिहून टाका.