खडकी ते जालंधर: बदलीचा हिशेब

२०२३ च्या फेब्रुवारीत ह्यांची पोस्टिंग ऑर्डर आली. हे लष्करात आहेत. पुण्याच्या खडकीहून थेट पंजाबातलं जालंधर कँट. लग्नाला तेरा वर्षं झाली, त्यात आमचं हे पाचवं बिऱ्हाड. पण घरातल्या साखळ्या-पाटल्यांना हात न लावता झालेली ही पहिलीच बदली, म्हणून लिहून ठेवते आहे. नव्याने क्वार्टरमध्ये आलेल्या एखाद्या बहिणीला उपयोग होईल.

बदलीचा पैसा सरकार देतं, आणि नीट देतं. अडचण रकमेची नसते, तारखांची असते. ट्रकवाला आज मागतो, घरमालक आज मागतो, शाळेचा गणवेश आज लागतो आणि क्लेम पास होतो दोन-तीन महिन्यांनी. मधले हे महिने कशावर काढायचे, एवढं ज्याने आधी ठरवलं त्याला बदली जड जात नाही. मागच्या वेळी आम्ही ते ठरवलं नव्हतं. तेव्हा माझ्या पाटल्या सहा महिने सोनाराकडे गहाण होत्या.

या वेळी ऑर्डर आली त्याच रात्री वही काढली. हे हवालदार, म्हणजे पे लेव्हल ५. त्या वेळी मूळ पगार ३४,९००. बदलीचं एकरकमी अनुदान, ज्याला सगळे सीटीजी म्हणतात, ते मूळ पगाराच्या ८० टक्के. मी आनंदाने त्यात मिलिटरी सर्व्हिस पेचे (एमएसपी) ५,२०० मिळवले आणि ३२,०८० लिहून मोकळी झाले. ह्यांनी युनिटच्या क्लार्कला विचारलं तेव्हा कळलं की सीटीजीसाठी एमएसपी धरत नाहीत. खरा आकडा २७,९२०. वहीत ४,१६० रुपये एका फटक्यात कमी झाले. ही चूक कागदावर झाली हे बरं. ट्रक दारात उभा असताना झाली असती तर?

सामानाचं असं, की लेव्हल ५ ला ३००० किलोपर्यंत हक्क आहे आणि रस्त्याने नेलं तर तेव्हा किलोमीटरला २५ रुपये ही मर्यादा होती. पुणे ते जालंधर साधारण १८०० किलोमीटर धरले तर ४५,००० होतात. पण ती वरची मर्यादा झाली. हातात येतो तो प्रत्यक्ष खर्च, तोही पावती असेल तरच. आणि ३००० किलोचा हक्क आहे म्हणून ३००० किलो न्यायलाच हवं असं नाही. प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारला: ही तिथे नवी घेतली तर नेण्याच्या खर्चापेक्षा महाग पडेल का? दिवाण, लोखंडी कपाट आणि घरघंटी खडकीतच विकली. काळ्या पेट्या नऊ, गोधड्या सगळ्या, शिलाई मशीन, फ्रिज, वॉशिंग मशीन घेतलं. पंचवीस किलो ज्वारीही घेतली, कारण सासूबाईंना रोज गव्हाची पोळी चालत नाही. कूलर मात्र वजन वाचवायला विकला आणि तिथे चुकले. पंजाबचा मे महिना मी फक्त ऐकून होते. जालंधरला पोहोचल्यावर महिन्याभरात नवा कूलर घ्यावा लागला, विकलेल्याच्या तिप्पट पैशांत.

ट्रकसाठी पहिल्या पॅकर्सवाल्याने ६२,००० सांगितले. मी नाही म्हटलं. शेजारच्या वहिनींच्या ओळखीतलं एक कुटुंब त्याच पंधरवड्यात अंबाल्याला निघालं होतं. दोघांनी मिळून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात परतीची गाडी शोधली. पंजाबातून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परत जाण्यापेक्षा कमी भाड्यात तयार होते. पूर्ण गाडी ५८,००० ला ठरली. वजनकाट्यावर आमचं सामान ११५० किलो भरलं, त्यांचं थोडं कमी. आम्ही ३२,००० दिले, त्यांनी २६,०००. अंबाला वाटेत आधी येतं, म्हणून आमचं सामान आत आणि त्यांचं दाराशी भरलं. नाहीतर भर रस्त्यात आमचा फ्रिज उतरवून त्यांचं कपाट काढावं लागलं असतं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवाच. गाडी एक होती म्हणून ट्रान्सपोर्टवाला बिल्टीही, म्हणजे माल पाठवल्याची पावती, एकच देत होता. क्लार्कने ह्यांना आधीच बजावलं होतं: दोन कुटुंबं, तर दोन बिल्ट्या, पैसे मिळाल्याच्या दोन पावत्या आणि प्रत्येकाची वेगळी सामानाची यादी. त्यासाठी मी अर्धा दिवस तिथे बसून राहिले. मिळाल्याशिवाय हलले नाही.

हे मार्चच्या सुरुवातीला पुढे गेले, कारण क्वार्टरच्या वेटिंगमध्ये नाव लवकर लागलेलं बरं. आम्ही मुलीचा निकाल लागेपर्यंत थांबलो. केव्हीचा, म्हणजे केंद्रीय विद्यालयाचा, टीसी हातात असला की दुसऱ्या केव्हीत प्रवेश सोपा जातो. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच गेल्यामुळे तिचा अभ्यासही बुडाला नाही. खडकीचं क्वार्टर सोडताना मार्चिंग आउटच्या, म्हणजे घर तपासून ताबा परत देण्याच्या, आधी फुटलेली काच मी स्वतः बसवून घेतली, भिंतीतली खिळ्यांची भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली. तीनशे रुपयांत काम झालं आणि बॅरेक डॅमेजची, म्हणजे घराच्या मोडतोडीची, वसुली लागली नाही. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केला, अनामत परत घेतली आणि नव्या गावी जोडणी घ्यायला लागणारं ट्रान्सफर व्हाउचर जपून पिशवीत ठेवलं. स्कूटर रेल्वेच्या पार्सलने गेली. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते आणि वर बारदान गुंडाळून घ्यावं लागतं.

आम्ही झेलम एक्सप्रेसने गेलो. सरकारी रेल्वे वॉरंटवर थ्री एसी. दोन रात्री, सासूबाई, दोन मुलं आणि धपाट्यांचा डबा. महाराष्ट्रातल्या किती फौजी घरांनी या गाडीत निरोप दिले-घेतले असतील! मनमाड, भोपाळ, झाशी, अंबाला ही नावं मुलीला पाठ झाली.

आता पैशाचं. आगाऊ रक्कम मागितली होती, पण मार्चअखेरीच्या गर्दीत ती वेळेत आली नाही. तारून नेलं ते भिशीने. आमच्या ब्लॉकमध्ये बारा जणी दरमहा २,००० टाकायचो, जानेवारीत सुरू झाली होती. एप्रिलचा नंबर दुसऱ्याच एकीचा होता. मी तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं आणि तिने एका शब्दाने न विचारता तो मला दिला. २४,००० हातात आले, त्यात साठवलेले ८,००० घातले आणि ट्रकचे पैसे चुकते केले. मी दूर निघाले होते, हप्ते बुडवले असते तर कुणी काय करणार होतं? तरीही अकरा जणींपैकी एकीनेही तो प्रश्न काढला नाही.

प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत क्लेम द्यायचा असतो. ह्यांनी विसाव्या दिवशीच सगळ्या पावत्या जोडून दिला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सीटीजी आणि ट्रकचं भाडं खात्यात जमा झालं. मे, जून, जुलैचे हप्ते मी जालंधरहून फोनवरून भरलेच होते. उरलेल्या पाच महिन्यांचे १०,००० त्याच संध्याकाळी एकदम पाठवले आणि मग खडकीच्या वहिनींना फोन लावला.