सगळी तयारी झाली, अडलं ते कूपेवर

खारीला, म्हणजे माझ्या कुत्रीला, घेऊन डिसेंबरात उत्तराखंडात पिंडारी हिमनदीच्या वाटेवर ट्रेकला जाऊन आलो, त्याला आता दीड महिना झाला. भेटेल तो थंडीबद्दल विचारतो. गावठी कुत्री, अंगावर केस ते किती, टिकली कशी? थंडीचं सांगतेच. पण आधी रेल्वेचं सांगू दे, कारण माझा जीव थंडीने नाही, लगेजच्या खिडकीने काढला.

खारी १९ किलोची, खारी बिस्किटाच्या रंगाची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली. मी आणि माझा मोठा भाऊ दरवर्षी एक ट्रेक करतो आणि दरवर्षी तिला आत्याकडे सोडून जातो. मागच्या वेळी परत आलो तेव्हा आत्या म्हणाली, चार दिवस दाराकडे तोंड करून बसली होती, धड जेवलीसुद्धा नाही. त्या दिवशी दादा म्हणाला, पुढच्या वेळी ही येणार.

उत्तराखंडातले केदारकंठा आणि हर की दून हे ट्रेक गोविंद अभयारण्याच्या हद्दीत, तुंगनाथ केदारनाथ अभयारण्यात, म्हणून ही नावं आधीच खोडली. पाळीव कुत्र्याचे रोग जंगलातल्या प्राण्यांत पसरतात. तिथे तिला नेण्याची परवानगी मागायलाही मला जड गेलं असतं. पिंडारीची खालची वाट त्या मानाने सोयीची: लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, म्हणजे एका बाजूने साधारण ३० किलोमीटर. हल्ली खरकियापर्यंत जीप जाते, पण आम्हाला जुनीच वाट चालायची होती. द्वालीच्या वर जायचं नाही आणि तंबूत झोपायचं नाही, हे दोन नियम खारीच्या केसांकडे बघून केले. वाटेवरच्या विश्रामगृहांना आणि गाइडला फोन करून कुत्रं चालेल ना, हे विचारून घेतलं. ते लगेच हो म्हणाले. परवान्याचं कामही गाइडनेच केलं.

आता रेल्वे.

कुत्रं आपल्यासोबत डब्यात न्यायचं तर ते फक्त फर्स्ट एसीत. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, कुठेच चालत नाही. फर्स्ट एसीतही दोघांचा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, किंवा चौघांची केबिन पूर्ण आपलीच असावी लागते. नाहीतर गार्डच्या बाजूच्या ब्रेकव्हॅनमध्ये कुत्र्यासाठी लोखंडी खण असतो, तिथे. आणि तिकीट काढताना कूपे निवडता येत नाही. दोन तिकिटं काढायची, कूपे मिळावा म्हणून लेखी अर्ज करायचा आणि चार्ट लागायची वाट बघायची. म्हणजे सगळी जमवाजमव झाल्यावरही, निघायच्या दिवशी सकाळपर्यंत, कुत्रं येणार की नाही हेच ठाऊक नसतं.

स्टेशनचं नाव लिहीत नाही. तिथे मी पहिल्यांदा गेले ती प्रवासाच्या दीड महिना आधी. आरक्षणाच्या खिडकीवर सांगितलं, कूपेचं आमच्याकडे नाही, वर कमर्शियलला जा. वर सांगितलं, चार्ट जिथे बनतो तिथे अर्ज द्या, पण इतक्या लवकर देऊन उपयोग नाही, आठवडाभर आधी या. तिथून कुत्र्याच्या पावतीचं विचारायला खाली लगेज ऑफिसात गेले. पोत्यात गुंडाळलेल्या मोटरसायकली, पेट्रोलचा वास, फुलांच्या करंड्या आणि मध्ये एक वजनकाटा. खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं, कुत्र्यासाठी काय काय कागद लागतात? ते म्हणाले, रेबीजच्या लसीचं कार्ड आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट. मी विचारलं, सर्टिफिकेट कधीचं? ते म्हणाले, "कधीचंही चालतं हो, लस वर्षाच्या आत पाहिजे."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या वहीचं ते पान अजून तसंच आहे.

आठवडाभर आधी दुसरी फेरी. अर्ज छापून नेला होता: पीएनआर, दोघांची नावं, सोबत कुत्रं आहे म्हणून कूपे मिळावा ही विनंती, लसीच्या कार्डाची प्रत. अर्ज ठेवून जा म्हणाले. मी पोच मागितली. पोच देत नाही म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. माझ्यामागे रांग नव्हती, मला घाई नव्हती आणि मी आवाजही चढवला नाही. वीसेक मिनिटांनी आतून एक बाई आल्या, अर्ज वाचला, कुत्र्याचं नाव काय म्हणून विचारलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून सही-तारीख घालून दिली. तुम्ही जाल तेव्हा दोन प्रती न्या आणि शिक्का मिळाल्याशिवाय हलू नका. पुढे जे झालं त्यात तो शिक्का नसता तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळची. सकाळी चार्ट लागला. मी मोबाइलवर पीएनआर उघडत होते आणि दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. डबा आला, बर्थ आले, पण ते कूपेतले आहेत की केबिनमधले, ते मला कळेना. दादा तडक स्टेशनवर गेला आणि तिथून त्याचा फोन आला, "कूपे आहे." मी स्वयंपाकघरात खाली बसले. खारीला वाटलं, खेळायला बसले.

अकरा वाजता तिला घेऊन लगेजच्या खिडकीवर पोहोचलो. वेगळे गृहस्थ होते. कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "हे सर्टिफिकेट सहा दिवसांचं आहे. ४८ तासांच्या आतलं पाहिजे." मी म्हटलं, साहेब, मी इथेच विचारून गेले होते. ते म्हणाले, कुणी सांगितलं? मला नाव माहीत नव्हतं. मी शिक्क्याची प्रत पुढे केली, की बघा, आम्ही दीड महिना याच कामासाठी इथे येतोय, ऐन वेळी उगवलेलो नाही. ती त्यांनी वाचली. त्यांचा सूर बदलला, पण तारीख कशी बदलणार? वरून म्हणाले, यात जातीचा रकाना मोकळा आहे, तोही भरून आणा. मी म्हटलं, गावठी आहे. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग मॅडम, डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे."

रविवार होता. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. त्यांना फोन लावला तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे जेवायला गेलेले. "कुत्रीला बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, इकडेच घेऊन या," म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. दोन रिक्षावाल्यांनी कुत्रं बघून मान हलवली, तिसऱ्याने घेतलं. मी सामानावर बसून राहिले, दादा खारीला घेऊन गेला. साडेबारा, एक, दीड. मनात एकच हिशोब चालू होता: ती नाही आली तर दोघांपैकी कोण मागे राहणार? मीच राहीन, असं मी ठरवून टाकलं होतं.

सव्वादोनला दादा आला. सर्टिफिकेटवर त्या दिवसाची तारीख, वेळ, वजन, रंग, लसीचा बॅच नंबर आणि जातीच्या रकान्यात डॉक्टरांच्या टपोऱ्या अक्षरात 'भारतीय गावठी'. खिडकीवर जेवणाची सुट्टी. ती संपली, पैसे भरले, पावती मिळाली. गाडीत टीसींनी ती पावती बघितली, आत डोकावले आणि दरवाजा ओढून घेतला. खारी खालच्या बर्थखाली घोंगडीवर पसरली ती रात्री साडेदहाला उठली. गाडी जिथे दहा मिनिटं थांबते तिथेच तिला खाली न्यायचं, जुनी वर्तमानपत्रं आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवायची. वेळापत्रकातून अशी स्टेशनं आधीच काढून ठेवा.

घोंगडीवरून आठवलं. कुत्र्यांसाठी म्हणून विकतात त्या गाद्या मी पाहिल्या. पाणी लागलं की त्या वाळता वाळत नाहीत. आजोबांची धनगरी घोंगडी अर्धी कापून घेतली. ती ओली झाली तरी ऊब देते आणि गुंडाळून सॅकला वरून बांधता येते. धाकुरीला पहाटे बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा थर होता. खारी त्या घोंगडीवर नाक शेपटीखाली घालून झोपली होती, अंगाखाली हात घातला तर चांगली गरम.

जॅकेटचंही तसंच. दुकानातली लॅब्राडॉरच्या मापाची. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे मागून सगळं लोंबतं आणि पोट उघडं पडतं. थंडी तर पोटालाच आधी लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे जुनं फ्लीस आणि फाटक्या विंडचीटरचं कापड दिलं. त्यांनी खारीला टेबलावर उभं करून टेपने माप घेतलं आणि पोटाखालून पट्टा येईल असं शिवून दिलं. दोनशे रुपये.

कुत्र्याच्या बुटांना एक महिना द्या. पहिल्या दिवशी ती चारही पाय झटकत चालली, आठव्या दिवशी विसरली. घरात पाच मिनिटं, मग जिन्यात, मग सिंहगडावर. खातीच्या पुढे ओढ्याकाठी एक बूट हरवला, जास्तीचे दोन नेले होते म्हणून निभावलं. दर थांब्याला बूट काढून बोटांच्या मधली जागा बघायची, ओली असेल तर पुसायची. तळव्यांना खोबरेल लावायचं ठरवलं होतं, पण तिथे ते डब्यात दगडासारखं झालं, अंगठ्याने खरवडून हातावर चोळावं लागायचं. व्हॅसलीन न्या.

सराव पावसाळा संपल्यापासून केला. दर रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगड, दोनदा राजगड ते तोरणा. उन्हं चढायच्या आत उतरायचं, कारण पुण्याकडच्या ऑक्टोबरात कुत्र्याला थंडीचा नाही, उष्माघाताचा धोका असतो. लोहारखेतहून धाकुरीकडे हजारेक मीटरची चढण आहे, बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून. त्या दिवशी ती आमच्यापेक्षा बरी चढली. तिच्या पाठीवर मी काही लादलं नव्हतं.

खाण्यात रोजच्यापेक्षा निम्मं जास्त धरलं: उकडलेली अंडी, भात, वाळवलेलं चिकन, झोपायच्या आधी नाचणीच्या भाकरीवर तूप. पाणी कोमटच. तहान लागली की कुत्री बर्फ चाटायला बघतात, त्याने अंग आतून गार पडतं. आमच्या सुक्या मेव्यात बेदाणे होते, ते मी गाडीतच वेगळे काढून दादाच्या सॅकच्या तळाला ठेवले. बेदाणे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी. आपल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही, आयब्युप्रोफेन तर बिलकूल नाही. पायाला लागलं तर काय द्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि त्यांनी दिलेलंच द्या.

थंडी बाधते आहे हे कुत्रं सांगत नाही, पण दिसतं. एकेक पाय आळीपाळीने उचलणं, थरथर, शेपूट आत, चालता चालता थांबून मागे बघणं. द्वालीच्या अलीकडे दुपारी ढग आले आणि खारी तीनदा थांबली. दादाला नदीच्या संगमापर्यंत जायचं होतं, तासाभराची वाट उरली होती. मी म्हटलं, दादा, मागे फिरायचं. तो काही बोलला नाही, सॅक उलटी फिरवली आणि तिचा पट्टा माझ्या हातातून घेऊन पुढे चालायला लागला. खातीला परत येईपर्यंत तिची शेपूट वर आली होती.

बिबट्याचं मात्र आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. तिथल्या मेंढपाळांच्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो, तो याचसाठी. खातीतल्या आजींनी खारीच्या गळ्यातला कापडी पट्टा दोन बोटांत धरून पाहिला आणि सूर्य मावळायच्या आत हिला घरात घ्या, रात्री बाहेर सोडू नका, म्हणून बजावलं. रात्रीच्या शीसाठी आम्ही दोघं टॉर्च घेऊन, पट्टा हाताला गुंडाळून, दारापासून दहा पावलांवर जायचो.

परतीच्या कूपेसाठी दिल्लीत अर्ज जातानाच दिला होता. तिथे पोच मागितल्यावर लगेच मिळाली. राहिलं होतं सर्टिफिकेट. परतीचा हिशोब मी उलटा मांडला: गाडी सुटायची वेळ, त्याआधीचे ४८ तास, त्यात डोंगरातून दिल्लीपर्यंतचा रस्ता. म्हणजे बागेश्वरच्या सरकारी पशुचिकित्सालयात एका ठरावीक सकाळीच पोहोचायला हवं होतं. पोहोचलो. डॉक्टरांनी खारीचे कान, डोळे, तळवे बघितले, एवढ्या लांबून आली का म्हणून पाठ थोपटली आणि लिहायला बसले. जातीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'देसी'. तारीख आणि वेळ मी टेबलाशी उभी राहून दोनदा वाचली.