वाणाच्या बाटल्यांतली लाल हळद

रथसप्तमी तोंडावर आलेली असताना सांगलीच्या गावभागातून फोन आला. "तुमच्या बाटल्यांत हळद लाल झालीये. आत्ताच्या आत्ता या." शंभरावर बाटल्यांची ऑर्डर होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. प्रत्येक बाटलीत पावशेर सांगलीची हळद, वर खणाच्या कापडाचं झाकण. माझं काम बाटली सजवून देण्याचं. हळद त्यांची, भरायचं काम त्यांच्या घरचं.

मी घरी काचेच्या बाटल्या सजवून विकते. कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या, लोणच्याच्या. काही ओळखीच्या घरांतून येतात, काही भंगारवाल्याकडून. लोकांना वाटतं रंग फासला, सुतळी गुंडाळली, झालं. "रिकाम्या बाटलीचे एवढे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते. अर्धा वेळ तर लेबल काढण्यात जातो. कागद गरम पाण्यात सुटतो, पण त्याखालचा डिंक चिवट. त्यावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून चोळायचं, तासभर ठेवायचं, काथ्याने घासायचं. मग ओशटपणा जाईपर्यंत साबण आणि शेवटी स्पिरिटचा बोळा. त्यानंतर बाहेरून बोटसुद्धा लावायचं नाही. काच काही शोषून घेत नाही, त्यामुळे जिथे बोटाचं तेल लागलं तिथला रंग आठवड्याभरात पापुद्र्यासारखा निघून येतो. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. व्हिडिओतली बाटली कायम नवीकोरी असते.

या ऑर्डरसाठी मी पेपर नॅपकिनचं काम केलं होतं. नॅपकिनचे पदर सुटे करून वरचा छापील तेवढाच घ्यायचा. तो इतका विरविरीत असतो की फुंकरीने उडतो. पाणी घातलेला फेविकॉल मऊ ब्रशने मधून बाहेर असा लावत जायचा. उलट फिरवला की सुरकुती पडते आणि ती काढायला गेलं की फाटतो. वाळल्यावर वार्निशचे दोन हात. समोर दोन बोटं रुंद काच मोकळी ठेवली, आतला पिवळा दिसावा म्हणून. ऑर्डर देणाऱ्या काकूंना मोठी खिडकी हवी होती. मी नाही म्हटलं, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो आणि वाण काय, महिनाभर कुणाच्या तरी शोकेसमध्येच बसणार. बाटल्या आतून व्हिनेगरच्या पाण्याने विसळून उन्हात पालथ्या घातल्या होत्या, लोणच्याचा वास जावा म्हणून. आणि प्रत्येक खोक्यात चिठ्ठी: 'धुऊ नका. आतून कोरड्या कापडाने पुसा.'

गावभागात पोचले तर माजघरात सभाच भरलेली. काकू, त्यांच्या दोन जावा, मोबाईल धरून बसलेला पुतण्या, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेला हळदीचा दुकानदार. त्यालाही बोलावून घेतलं होतं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी. मधे वर्तमानपत्रावर आठ-दहा बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी, काचेला लागून, विटकरी लाल कडं, काहींच्या गळ्याशीही.

पुतण्याने निकाल आधीच लावला होता. "भेसळ आहे. मेटॅनिल येलो नावाचा रंग. भेसळीची हळद लाल होते, हा बघा व्हिडिओ." दुकानदार कळवळून सांगत होता, "राजापुरी आहे हो, माझ्यासमोर दळलीय." त्याच्या आजोबांची हरिपूरला पेवं होती. जमिनीतल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात पाणी शिरून अनेक पेवं गेली, त्यांत यांचीही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या माणसाने दुकानात पेढे वाटले होते. त्याला काकू म्हणत होत्या, "उद्या सगळ्या बायकांना सांगते, कुणाकडची हळद ते."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. माहेरी अजून म्हणतात, एवढं शिकून बाटल्या रंगवते. त्या दुपारी पहिल्यांदा ती डिग्री घराबाहेर उपयोगाला आली. पुतण्याला म्हटलं, तुझ्या व्हिडिओतली चाचणी तीव्र आम्लाची आहे, हायड्रोक्लोरिक ॲसिडची. इथे ॲसिड कुठाय? मग काकांच्या पानाच्या डब्यातला चुना मागवला, दोन वाट्या आणि एक लिंबू. घरच्याच डब्यातली चिमूटभर हळद पाण्यात घातली, त्यात चुन्याचं बोट फिरवलं. लाल. वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी. दुसऱ्या वाटीत बाटलीच्या तळाची लाल हळद खरवडून घातली आणि लिंबू पिळलं. तीही पिवळी झाली. म्हणजे हा लाल रंग खाराचा, चुना-सोड्यासारख्या कशाचा तरी; भेसळीचा नाही.

"अगं हो की," धाकटी जाऊ म्हणाली, "शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की असाच लाल होतो!" सगळ्या हसल्या. इतका वेळ हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मभर डाग धुतलेल्या बायका, पण मोबाईल म्हणतोय म्हणजे भेसळच.

दुकानदाराचा चेहरा जरा खुलला आणि त्यानेच विचारलं, "मग यात खार आला कुठून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकू सावकाश म्हणाल्या, "तुम्हीच सोडा वापरता ना लेबलं काढायला?"

वापरते. पण बाहेरून, खायचा, आणि सजवायच्या कितीतरी आधी. शिवाय आत शेवटचं पाणी व्हिनेगरचं. एवढं सांगून मला थांबता आलं असतं का? तेवढ्यावर कुणाचं समाधान झालं नसतं. मी एक बाटली उचलून उलटी केली. बुडाशी नॅपकिनची कड सुटून वर वळली होती, खालचा फेविकॉल पांढुरका पडला होता. गळ्याची सुतळी भिजून फुगलेली आणि वाळताना सैल झालेली. "सजवल्यानंतर या पाण्यात बुडवल्यात," मी म्हटलं. "आणि आतून नीट वाळायच्या आधी भरल्यात. तळाचा खार तिथेच राहिला."

दारातून आवाज आला, "मी धुतल्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून. रात्रीच भरायच्या होत्या."

पुढची दहा मिनिटं काकू सुनेला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. शिकलेल्या मुली, चिठ्ठी वाचता येत नाही का, वगैरे. दुकानदार मान खाली घालून चहा प्यायला. सुटला होता तो. मीही सुटले होते. बाटल्या घरी आणून रिकाम्या केल्या, आतून व्हिनेगर फिरवलं, पंख्याखाली वाळवल्या, सुटलेल्या कडा कापून बुडाला लेस लावली. रात्र गेली, पण रथसप्तमीला वाण लुटलं गेलं. दुकानदाराने हळद पुन्हा दिली, पैसे न घेता. त्याने ते का करावं हे मला कळलं नाही. काकूंनी मात्र नको म्हटलं नाही.

माझे पैसे द्यायला सूनच आली, स्कूटीवरून, विश्रामबागेत. नोटा मोजून दिल्या, आणि निघता निघता म्हणाली, "आईच म्हणाल्या होत्या, भंगारातल्या बाटल्या आहेत, सोड्यात काढ."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं छान सिद्ध करत होतात."

याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. गप्प बसते तर एका चांगल्या हळदीवर आणि माणसावर डाग बसला असता, हे मी स्वतःला सांगते आणि ते खरंही आहे. पण लिंबाची वाटी दाखवून झाल्यावर दुकानदार सुटलाच होता. बाटली उलटी केली ती माझ्यासाठी. दोन्ही एकाच दमात झालं आणि त्या वेळी मला मजा येत होती, हेही खरं. इतक्या वर्षांनी कुणीतरी केमिस्ट्री ऐकून घेत होतं.

यंदा मार्गशीर्षातच फोन आला. सुनेचा. तेवढ्याच बाटल्या, तसंच नॅपकिनचं काम, खिडकी जरा मोठी चालेल म्हणाली.

"हळद उडेल गं उन्हात."

"हळद नाहीये यंदा. बेदाणे भरणार आहोत, तासगावचे. मी ठरवलंय."