आमची वाटचाल : अडीचशे रुपयांचा मोर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर दोन शिलाई मशीन आहेत आणि एक कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघींनी खणाच्या पिशव्या आणि तोरणांपासून सुरुवात केली. पुढे लग्नसराईत रुखवताच्या ऑर्डरी येऊ लागल्या, हप्ते फिटले. बाकी सगळ्या घरगुती धंद्यांचं असतं तसंच आमचं. सांगण्यासारखं आहे ते एका फाइलचं.

भरतकामाच्या मशीनला डिझाइनची फाइल लागते. नुसतं चित्र काढून भागत नाही. कुठला भाग आधी भरायचा, टाक्यांची दाटी किती ठेवायची, दोरा कुठे तोडायचा, हे सगळं कुणीतरी डोळे फोडून बसवलेलं असतं. पुण्याच्या एका मुलीकडून आम्ही मोराची अशी फाइल अडीचशे रुपयांना घेतली. मोर इतका सुरेख उतरला, की इचलकरंजीच्या मैत्रिणीने मागताच मी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. पैसे मोजलेत म्हणजे वस्तू आपली, एवढंच मला ठाऊक. तिने ती बायकांच्या एका ग्रुपवर टाकली.

आठवड्याभरात त्या मुलीचा फोन आला. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "ताई, मोर भरून कितीही पिशव्या विका, माझं काही म्हणणं नाही. पण फाइलच अशी फिरली तर माझ्याकडे कोण येणार?" त्या एका मोरासाठी तिने अकरा दिवस घातले होते, चार वेळा नमुना उसवला होता. पावतीखाली अट लिहिलेली होती : वस्तू विका, फाइल कुणाला देऊ नका. मी ती वाचलीच नव्हती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आमच्या पिशवीची शिलाई कुणी बुडवली असती तर मी काय केलं असतं? सकाळी ग्रुपवर माफी मागितली, फाइल उतरवून घेतलेल्या नऊ जणींना एकेक फोन केला. सहा जणींनी तिला पैसे पाठवले. बाकीच्या तिघींचे मी भरले.

मग जाऊबाई म्हणाल्या, "आता सगळंच कपाट तपासूया की." तपासलं. रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांवरची कार्टूनची पात्रं निघाली, उन्हाळ्यातली आमची निम्मी कमाई. ती बंद केली. त्या वर्षी हात फार आखडला, पण केली. अक्षरांचे फॉन्ट निघाले, त्यातले दोन फक्त वैयक्तिक वापरासाठी होते. त्यांच्या जागी 'बलू' आणि 'मुक्त' घेतले. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी ते खुल्या परवान्यावर दिलेत, धंद्यातही चालतात. कवितांच्या ओळींचा हिशेब तर मी भिंतीवर लिहून लावला. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांची ओळ विचारल्याशिवाय पिशवीवर घालता येत नाही. गिऱ्हाईक हट्ट धरतं, "एक ओळ तर आहे," म्हणतं. मी नाही म्हणते.

पिशवीवर आपलं काय घालायचं, याचं उत्तर सासूबाईंच्या गळ्यात होतं. कोल्हापुरी साज! त्यातली चंद्र, कारलं, मासा, बेलपान ही पानं, म्हणजे साजातली छोटी पदकं, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची आहेत. जाऊबाईंनी ती नव्याने रेखाटली, एकमेकांत गुंफली. टाके बसवायला आम्ही त्या पुण्याच्या मुलीलाच पैसे दिले, आणि रेखाटन आमचं, फाइलही आमची, असं कागदावर घेतलं. साजाची पिशवी चांगली चालली.

मग एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर हुबेहूब तीच दिसली. जाऊबाईंचे डोळे भरून आले. सल्लागाराकडे गेलो तेव्हा कळलं, की पान कुणाचंच नसलं तरी आमची गुंफण डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती. दहा वर्षं संरक्षण, पुढे आणखी पाच. पण बाजारात आणण्याआधी, फोटो टाकण्याआधी अर्ज हवा होता. आम्ही तर पहिल्याच दिवशी इन्स्टाग्रामवर फोटो टाकला होता. आणि नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता कारखानदारी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरलं, की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. आमच्या पिशव्या चारशेच्या वर गेल्या होत्या.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल नाव न घेता दिसली, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं. मीही पेटले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांसाठी राखलेलं. त्याच संध्याकाळी आमच्या रेक्झिनच्या छोट्या चपलांच्या कीचेनवरचं 'कोल्हापुरी चप्पल' हे लेबल मी काढलं. आता तिथे 'चपलेची कीचेन' एवढंच असतं.

जाऊबाईंची नवी गुंफण तयार आहे, रंकाळ्याच्या लाटांची. कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे अर्ज जाईपर्यंत ती कपाटात कुलपात आहे. मोराच्या पिशव्या अजून विकतो. प्रत्येकीच्या लेबलवर त्या मुलीचं नाव असतं.