दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला आणि आज अर्धं नाशिक गोदाघाटावर लोटलं. मोबाईलवर क्युसेकचे आकडे येत होते, पण गर्दीचा सवाल एकच: पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गोदापात्रातल्या त्या दोन तोंडांच्या मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं? गुडघा, कंबर, छाती... आमची पूरपट्टी हीच. सराफ बाजारात माल वर चढवणं चालू होतं. २००८ आणि २०१६चे पूर कोण विसरेल?

शेजारचे आजोबा म्हणाले, "जाऊ द्या, जायकवाडी भरेल." खरंय. हेच पाणी नांदूर मध्यमेश्वरवरून पुढे पैठणला जायकवाडी धरणात जातं. तिथे १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली राहिला, की समन्यायी वाटप (वरच्या आणि खालच्या धरणांत पाण्याची न्याय्य वाटणी), म्हणून आपल्या वरच्या धरणांतून पाणी सोडा, आंदोलनं, कोर्टकचेऱ्या. आत्ता फुकट जातंय तेवढं जाऊ दे की!

सेल्फीवाल्यांना पोलिसांनी शिट्ट्या मारून हाकललं, ते मात्र झकास केलं.