येळवशीची भज्जी

डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी भाजीच्या गाड्यावर हरभऱ्याच्या ढाळ्यांची पहिली पेंढी दिसते. घाटे सोलताना बोटांना आंब चिकटते, दाणे वाटीत कमी अन् तोंडात जास्त जातात. तेवढ्यात लातूर-धाराशिवकडच्या माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो, औंदा येळवस कधी?

कॅलेंडरात तिचं नाव वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शिवारात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत पांडवांचे पाच दगड, आंबिलीची बिंदगी म्हणजे घागर, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. हे सगळं निभतं. अडतं ते भज्जीपाशी, म्हणजे हिरवे दाणे अन् पालेभाज्यांच्या बेसन लावलेल्या कालवणापाशी. (भज्जी म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला कांदाभजी दिसते, त्याला इलाज नाही.)

भाकरी आईकडून शिकायची तर सकाळ-संध्याकाळ सराव होतो, बिघडलेली स्वतःच खायची अन् दुसरी थापायची. भज्जी वर्षातून एकदाच. दहा वर्षं आईच्या शेजारी उभं राहिलं तरी धडे दहाच, अन् त्यातही आई पहाटे तीनला उठलेली असते. शिकणारा डोळे चोळत येतो तोवर दाणे शिजलेले असतात. विचारलं तर उत्तर मिळतं, "जे रानात हाय ते घालायचं." हे उत्तर खरंच आहे, पण त्यानं भज्जी होत नाही. काय घालायचं यापेक्षा कधी घालायचं हे महत्त्वाचं, आणि ते आई सांगत नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

दहा माणसांचा अंदाज धरू. सोलाणा म्हणजे हरभऱ्याचे सोललेले हिरवे दाणे 2 वाट्या, तुरीचे हिरवे दाणे 2 वाट्या, मटार अन् वालाचे दाणे 1-1 वाटी, रात्री भिजत घातलेले शेंगदाणे 1 वाटी. आधी शेंगदाणे आणि तूर, कारण त्यांना वेळ लागतो. मग वाल, शेवटी सोलाणा अन् मटार. चिंच या टप्प्यावर जवळ फिरकू द्यायची नाही. आंबट पडलं की दाणे ताठून बसतात, मग तासभर उकळा, दाताखाली कच्चेच लागतात. चुक्याची पालेभाजीही आंबटच, म्हणून तीही दाणे बोटानं चेपले गेल्यावरच. मेथी, पालक, कांद्याची पात, गाजराचे तुकडे, एखादं वांगं दाण्यांच्या मागून. कुकरला माझा विरोध आहे. तीन शिट्ट्यांत सगळ्याचा एकच गाळ होतो, मग इतकं सोलत कशाला बसायचं?

बेसन 1 वाटी. ते गार पाण्यात किंवा ताकात आधी कालवून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये. कोरडं पीठ उकळत्या पातेल्यात भुरभुरलं की वरून शिजतं अन् आत कच्चं राहतं, त्या गुठळ्या नंतर कितीही हाटा, फुटत नाहीत. लसूण सढळ, हिरवी मिरची, आलं, जिरं ठेचून तेलात परतायचं, त्यावर शिजलेले दाणे अन् भाज्या, मग सगळं मिळून आठेक वाट्या पाणी, मोठ्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अन् उकळी फुटल्यावर बेसन. ते ओतताना दुसरा हात थांबायचा नाही. पळी तळापर्यंत गेली पाहिजे, बेसन तळालाच लागतं, अन् लागलेला वास पातेलंभर पसरतो.

आता ज्यात सगळे फसतात ते. पातेलं उतरवताना भज्जी पातळ दिसली पाहिजे, "पाणी जास्त झालं काय" असं वाटण्याइतकी. ती खायची दुपारी, शेतात, गार. बेसन निवताना घट्ट होत जातं. पहाटे चुलीवर जी अगदी बरोबर दिसते, तिच्या कोपीपाशी पोचेपर्यंत वड्या पडतात. घरी गरमगरम वाढून चव बघणाऱ्याला हे कधी कळत नाही. आई पातेल्याकडे बघून जरासंक पाणी वाढवते तेव्हा ती पातेलं बघत नसते, दुपारचे बारा बघत असते.

आंबिलीचं गणित सोपं. आदल्या संध्याकाळी ज्वारीचं 1 वाटी पीठ तेवढ्याच आंबट ताकात कालवून ठेवायचं, थंडी फार असेल तर भांडं फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला. बिनकल्हईचं पितळ नको, कळकतं. सकाळी 4 वाट्या आधणात हळूहळू ओतून शिजवायचं. पूर्ण निवल्यावरच ताजं ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. गरमात ताक घातलं की फाटतं, घाई करणाऱ्याची दरवर्षी फाटते.

अन् माणसं मोजताना तांब्याभर आंबील जास्तीची धरायची. ती पिण्यासाठी नसते. पूजेनंतर ती "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत पिकात शिंपडत शेताला फेरी मारायची असते. याचा अर्थ काय, असं आईला विचारलं तर ती म्हणते, "म्हणायचं असतंय," अन् भज्जीवर झाकण ठेवते.